दात हवेत

मंगळवारी दुपारी नाना जावयाच्या कामाच्या खोलीत शिरले तेव्हा खोलीत जावई सोडून सगळे हजर होते. सगळे म्हणजे जबडे. खिडकीखालच्या लांब फळीवर प्लास्टरचे पांढरे जबडे ओळीने मांडलेले होते, आणि प्रत्येक जण काहीतरी बोलता बोलता थांबल्यासारखा दिसत होता. नानांचा जावई कवळ्या बनवायचा. पुढच्या दोन खोल्यांत डॉक्टरीणबाई लोकांचे दात काढत आणि मागच्या खोलीत जावई ते नव्याने घडवून देई.

नाना आले होते ते स्वतःच्या दातांसाठी. पंधरा दिवसांपूर्वी तोंड धुताना त्यांची जुनी कवळी हातातून निसटून बेसिनमध्ये पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. जावयाने तुकडे पाहिले, नानांच्या हिरड्या चाचपल्या आणि आता जोडकाम नको, नवीच करू, असं म्हणून माप घेतलं. काम आठवड्याचं होतं. दुसरा आठवडा सरत आला तरी नानांच्या साच्यावर नुसतं मेण होतं. विचारलं की जावई म्हणायचा, "होतंय, नाना." नानांनाही घाई नव्हती. खाणं मऊ करून घेता येत होतं, आणि एकट्याच्या खोलीत बोलायचं तरी कुणाशी?

घाई सुरू झाली ती मंगळवारी सकाळी अकरा वाजता, वाचनालयात. तिथे रोज एक बाई येत. नानांसारख्याच एकट्या, त्यांच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. गेले चार महिने दोघं एका टेबलापाशी बसत होते. बाई शब्दकोडं सोडवत, अडलं की कागद नानांकडे सरकवत. नाना पेन्सिलीने अक्षरं भरून तो परत सरकवत. वाचनालयात बोलायची मनाई असल्यामुळे ही सगळी ओळख बिनआवाजाची होती, आणि गेल्या पंधरवड्यात नानांना ती मनाई फार सोयीची वाटली होती. त्या मंगळवारी मात्र बाई पुढे वाकून हलक्या आवाजात म्हणाल्या, "शुक्रवारी मी भावाकडे जातेय. कायमची. परवा चार वाजता चहाला या. एकदा निवांत बोलू."

नानांनी मान डोलावली. चार महिने त्यांच्या मनात एक वाक्य अर्धवट घोळत होतं, ते आता पुरं झालं: तुम्ही जाऊ नका. आता ते म्हणायची वेळ आली, तर म्हणायला तोंडात काही नव्हतं.

म्हणून ते तडक जावयाकडे आले, आणि जावई जागेवर नव्हता. तो समोरच्या औषधाच्या दुकानात गेला होता असं काउंटरवरच्या ताईंनी सांगितलं. नानांना ताईंजवळ निरोप ठेवता येईना. ताई आणि नानांची लेक रोज दुपारी फोनवर बोलायच्या, आणि ताईंच्या कानात गेलेली गोष्ट लेकीच्या कानात पोचायला एक भाजी निवडून होण्याइतका वेळही लागत नसे. लेक तशी मायेची होती. पण मागच्या वर्षी दूध केंद्रावरच्या बाईंचं अक्षर सुंदर आहे असं नाना सहज बोलून गेले, तर महिनाभर दूध आणायला लेक स्वतः जात होती. चहाचं तिला कळलं असतं, तर ती चहाला आली असती. आली असती आणि प्रश्नही तिनेच विचारले असते.

नानांनी खिशातला कागदाचा तुकडा काढला आणि उभ्या उभ्या लिहिलं: "परवा. चार वाजता. दात हवेत. कुणाला सांगू नका."

खाली सही केली नाही. गुप्त निरोपावर सही कशाला, आणि आपल्या जबड्याखाली चिठ्ठी ठेवली की तीच सही. फळीवरचा आपला जबडा उचलून त्यांनी चिठ्ठी त्याखाली सरकवली आणि समाधानाने घरी गेले.

नाना चौतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासत होते. दुसऱ्याच्या मजकुरातली लपलेली चूक त्यांना पानापलीकडून दिसायची. पण स्वतःचा मजकूर स्वतः तपासू नये, हे ते उमेदवारांना शिकवायचे ते उगीच नव्हे. चिठ्ठीवर त्यांनी तारीख घातली नव्हती. तारखेवाचून 'परवा' हा शब्द मागेही जातो आणि पुढेही. 'हवेत' चंही तसंच. शिवाय जबडा त्यांचा नव्हता. तो मोजणीदारांचा होता.

आणि नाना टीव्ही बघत नसत. ही चूक म्हणता येणार नाही, पण सगळं रामायण तिच्यामुळे घडलं.

त्या दिवसांत दर रविवारी संध्याकाळी 'मधला मजला' नावाची रहस्यमालिका लागायची. एका जुन्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबते, दार उघडतं, आणि बाहेर दोन दिवसांपूर्वीचा दिवस असतो. पोलिसातला एक तपासनीस त्या मजल्यावर उतरून खुनाचा छडा लावत असतो. गेल्या रविवारचा भाग संपताना त्याला आपल्याच कोटाच्या खिशात, आपल्याच अक्षरातली एक चिठ्ठी सापडली होती: "परवा. चार वाजता. कुणाला सांगू नका." तिथेच भाग संपला होता आणि जावयाची झोप उडाली होती. खून व्हायचा आहे की होऊन गेला आहे? पुढचा परवा की मागचा? डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात, समोरच्या औषधाच्या दुकानात आणि जावयाच्या फोनवरच्या चाळीस जणांच्या गटात तेव्हापासून दोन पक्ष पडले होते. पुढच्यांचा म्होरक्या जावई. मागच्यांचे मोजणीदार. मोजणीदार म्हणजे जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले, उंच, सुकलेले गृहस्थ. त्यांचीही कवळी जावयाकडेच व्हायची होती, आणि त्या निमित्ताने ते रोज येऊन बसत.

अशा माणसाच्या जबड्याखाली मंगळवारी दुपारी जावयाला ती चिठ्ठी सापडली.

बुधवारी बारा वाजता नाना खुशीत पोचले. चिठ्ठी वाचून जावई कामाला लागला असणार असा त्यांचा हिशेब. खोलीत जावई होता, मोजणीदार होते, काउंटर सोडून ताई होत्या, आणि मध्ये एका स्टीलच्या तबकात नानांची चिठ्ठी होती.

"नाना, हात लावू नका," जावई म्हणाला. "पुरावा आहे."

मग त्याने नानांना सगळं सांगितलं. लिफ्ट, मजला, कोट, खिसा. सांगताना त्याचे डोळे असे चमकत होते की लेकीच्या लग्नातसुद्धा नानांनी ते तसे पाहिले नव्हते. पहिला संशय अर्थातच मोजणीदारांवर होता, पण त्यांनी तो हद्दीबाहेर टाकला. आपण चिठ्ठी ठेवली असती तर उत्तर दिशा दाखवणारा बाण काढला असता, तीस वर्षांत एक कागद बाणाशिवाय हातातून गेला नाही, असं ते म्हणाले. सासऱ्यांचं अक्षर जावयाच्या ओळखीचं नव्हतं. सासूबाई होत्या तोवर पत्रं त्याच लिहायच्या, आणि नंतर फोन आला. तेव्हा चिठ्ठी लिहिली कुणी, हा प्रश्न उघडाच राहिला होता.

नाना तबकाकडे बघत उभे राहिले. खरं सांगावं तर समोर ताई. न सांगावं तर उद्या चार वाजता काय? मोजणीदार हात धुवायला गेले आणि ताईंना पुढून कुणीतरी हाक मारली, एवढी संधी साधून त्यांनी जावयाची बाही धरली. 'दात' हा शब्द म्हणायला दातच लागतात, हे त्यांना या पंधरवड्यात कळलं होतं. म्हणून त्यांनी ओठांनी आणि टाळूने जमतील अशीच अक्षरं निवडली आणि हळूच म्हणाले, "मी लिहिली."

जावयाचा चेहरा उजळला.

"मोजणीदार, इकडे या. नाना काय म्हणतायत ऐका. 'मी लिहिली.' म्हणजे ज्याला चिठ्ठी सापडली त्यानेच ती लिहिली. रविवारपासून मी घसा फोडून दुसरं काय सांगतोय? आणि नानांनी एक भागही न बघता दोन शब्दांत सांगितलं."

मोजणीदार हात पुसत आले. "बरं. त्याने लिहिली. कशावरून लिहिली?"

"खिशात सापडली तिच्यावरून उतरवली."

"खिशात कुणी ठेवली?"

"त्यानेच. नंतर. मागच्या दिवसात जाऊन."

"मग मजकूर रचला कुणी?"

जावई तबकावर वाकला. ताई परत आल्या होत्या, त्याही वाकल्या. शेवटी जावई खालच्या आवाजात म्हणाला, "कुणीच नाही."

नानांना हे लागलं. कुणी लिहिलाच नसावा असं वाटणारा मजकूर त्यांनी छापखान्यात पुष्कळ पाहिला होता, पण तोही कुणीतरी लिहिलेलाच असे. इथे त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्याच चार ओळी पोरक्या झाल्या.

ताईंना वेगळीच शंका होती. तपासनीस लिफ्टने मागे गेला आणि त्याने खून थांबवला, तर खून झालाच नाही. खून झाला नाही तर चिठ्ठी लिहायचं कारण नाही. चिठ्ठी नाही तर त्याला कळणार नाही, म्हणजे तो थांबवणार नाही, म्हणजे खून झाला. "मग तो मेलेला माणूस सोमवारी कामावर आला की नाही?" त्यांनी विचारलं. "हजेरीपटावर काय लावायचं?"

यावर दोन्ही पक्षांनी विचार करायला वेळ मागून घेतला आणि सगळे 'दात हवेत' कडे वळले. मालिकेतल्या चिठ्ठीत ही ओळ नव्हती. जावयाने रात्रभर तळमळून तिचा उलगडा केला होता. मधल्या मजल्यावर उतरताना माणसाचं स्वतःचं शरीर तेवढं मागच्या दिवसात जातं. अंगावरचं जे उपरं, ते पोचत नाही. चष्मा, घड्याळ, कवळी. माणूस पोचला परवात, आणि दात राहिले अधांतरी.

"हवेत," जावई म्हणाला आणि त्याने बोट वर करून दाखवलं. चौघांनीही छताकडे पाहिलं.

आता मात्र नानांच्यातला प्रुफवाला जागा झाला. दुःख बाजूला ठेवता येतं, पण चुकीचा अर्थ डोळ्यांसमोर छापला जात असताना गप्प बसणं त्यांना जमायचं नाही. ते म्हणाले, "हवे आहेत." पण नेमका शेवटचा 'त' नुसता वारा होऊन बाहेर पडला.

"बघा, नानापण हवाच म्हणतायत," ताई म्हणाल्या.

नानांनी फळीवरच्या प्लास्टरच्या भुकटीत बोटाने लिहिलं: हवे आहेत. त्यावर काट मारून खाली लिहिलं: हवेत. मग दोन्हींमध्ये बरोबरची खूण काढली. तिघं वाकून बघत राहिले. मोजणीदारांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"म्हणजे दात पाहिजेत," जावई सावकाश म्हणाला. "कुणाला तरी दात पाहिजेत. साधी मागणी आहे. नाना, कमाल आहे तुमची."

नानांच्या छातीवरचं ओझं उतरलं. चौतीस वर्षांच्या नोकरीत असा मान त्यांना मिळाला नव्हता. एवढ्यात मोजणीदारांनी विचारलं, "पण कुणाचे?"

सगळ्यांच्या नजरा एकदम त्या जबड्याकडे गेल्या, ज्याच्याखाली चिठ्ठी सापडली होती.

"माझे," मोजणीदार म्हणाले आणि स्टुलावर बसले. मोजणीच्या खात्यात त्यांनी हजारो लोकांच्या हद्दी ठरवल्या, पण आजवर कुणी त्यांच्यासाठी असं काही लिहून ठेवलं नव्हतं.

"माझे," नाना छातीवर हात आपटून म्हणाले.

"हो नाना, तुमचेही होतील," जावई म्हणाला. "शनिवारी देतो. शब्द."

नानांनी शेवटचा प्रयत्न केला. "गुरुवारी हवी," ते म्हणाले. एवढं त्यांना नीट म्हणता आलं.

"गुरुवारी का?"

"कुठे जायचंय का, नाना?" ताईंनी ताबडतोब विचारलं. त्यांच्या हातात फोन होता.

नानांनी फोनकडे पाहिलं आणि मान हलवली. कुठे नाही. सहज.

जावयाला मात्र त्यात वेगळंच दिसलं. चिठ्ठी सापडली मंगळवारी. पुढचा परवा धरला तर येतो गुरुवार. आणि नानांनी आपण होऊन गुरुवारचं नाव घेतलं. म्हणजे नाना पुढच्यांच्या पक्षात आले. मोजणीदारांनी हरकत घेतली नाही. उलट त्यांनीच तोडगा सुचवला: आपली कवळी उद्या चारपर्यंत तयार करून पाण्याच्या वाडग्यात ठेवावी. कुणी न्यायला आलं तर परवा पुढचा. नाही आलं तर मागचा, आणि मग दात मागच्या रविवारीच लागणार होते, आपल्याला उशीर झाला. जावयाने बाह्या सरसावल्या. पंधरा दिवसांत नानांनी त्याला इतक्या झपाट्याने काम करताना पाहिलं नव्हतं. मेण वितळलं, साचे भरले, घासायचं यंत्र गुरगुरू लागलं, आणि संध्याकाळपर्यंत मोजणीदारांचे अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दात मोत्यांसारखे झळकत होते. शेजारी नानांच्या जबड्यावर मेण तसंच होतं. नानांच्याच व्याकरणाने त्यांचा घात केला होता.

गुरुवारी साडेतीन वाजता नाना निघाले. अंगात ठेवणीतला सदरा, खिशात ठेवणीतला रुमाल. वाटेत जाता जाता एकदा बघावं, जावयाला दया आली असेल, म्हणून ते मागच्या गल्लीतल्या दाराने खोलीत शिरले. खोली रिकामी होती. येणाऱ्याला संकोच वाटू नये म्हणून साडेतीन ते चार खोलीत कुणी थांबायचं नाही, असा ठराव झाला होता. जावई, मोजणीदार आणि ताई पुढे बाकावर बसून रस्त्याकडच्या दारावर डोळे लावून होते. दोन पेशंटही त्यांच्यासोबत बघत होते. कशाकडे, ते त्यांना ठाऊक नव्हतं. मागचं दार कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. दोन दिवसांपूर्वीच्या दिवसातून येणारा माणूस गल्लीतून येईल, असं कुणाला वाटणार?

नानांनी आपल्या मेणाकडे पाहिलं. वाडग्याकडे पाहिलं. पाण्यात मोजणीदारांचे दात हसत होते.

ही चोरी नव्हती. पाच-साडेपाचपर्यंत परत आणून ठेवायचे होते. नानांनी दात गल्लीतल्या नळावर तीनदा धुतले, डोळे मिटले आणि तोंडात घातले.

मोजणीदारांचा जबडा नानांपेक्षा एक माप मोठा होता. दात तोंडात मावले, पण ओठ त्यांच्यावर मिटेनात. शिंप्याच्या दुकानाच्या काचेत नानांना स्वतःचा चेहरा दिसला. तो जोरजोरात हसत होता, आणि नाना हसत नव्हते. समोरून येणाऱ्या ओळखीच्या माणसाने, "काय नाना, एवढा आनंद कसला?" असं विचारलं, तेव्हा त्यांना उत्तर देण्यासाठीही ओठ मिटता येईनात. दुसऱ्याच्या हसण्याने आपलं वाक्य म्हणायचं नाही, असं त्यांनी वळणावर ठरवलं. दात काढून रुमालात गुंडाळले, खिशात टाकले आणि रिकाम्या तोंडाने जिना चढले.

बाईंच्या खोलीत दोन ट्रंका आणि तीन खोकी बांधून तयार होती. खोक्यांना सुतळीच्या घट्ट गाठी मारल्या होत्या. नुसतं टेबल, दोन खुर्च्या आणि चहाचं सामान बाहेर होतं. नाना तोंडावर हात धरून बसले. बाईंनी विचारलं, बरं नाही का? नानांनी हाताआडून काहीतरी सांगितलं. त्यांचं त्यांनाही ते कळलं नाही.

"हात काढा," बाई म्हणाल्या. "हाताने आवाज अडतो. नुसतं बोला, मला कळतंय. दात पडले ना बेसिनमध्ये?"

नानांनी हात काढला.

बाईंनी चहा गाळता गाळता सांगितलं. एकतीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. लांबच्या गावांच्या लाईनी, वादळात लोंबणाऱ्या तारा, खरखर, शिट्ट्या, मध्येच तिसऱ्याच कुणाचं तरी बोलणं. आणि पलीकडे रडत, ओरडत, पुटपुटत बोलणारी माणसं. त्यातून निरोप उचलायचा आणि पुढे पोचवायचा. "तुम्ही तर अगदी जवळून बोलताय," त्या म्हणाल्या. "सांगा सावकाश. मी परत म्हणून दाखवते, चुकलं तर थांबवा."

नानांनी सांगायला सुरुवात केली. सगळं सांगितलं. 'त' आले, 'स' आले, 'द' आले, सगळ्यांचा वारा झाला, आणि बाई दर दोन वाक्यांनी ते नीट म्हणून दाखवत होत्या. "चिठ्ठी ठेवली, पण दुसऱ्याच्या जबड्याखाली. बरोबर? पुढे." मग, "ते म्हणाले, माणूस परवात आणि दात हवेत. हवेतच ना? हां. पुढे." आणि थोड्या वेळाने, "ते दात आत्ता तुमच्या खिशात आहेत. हे बरोबर ऐकलं ना मी?" इथे मात्र त्यांना चहाची किटली खाली ठेवावी लागली. त्या डोळे पुसून हसल्या. चार महिन्यांत नानांनी त्यांचं हसणं ऐकलं नव्हतं. वाचनालयात त्याचीही मनाई होती.

हसणं थांबलं. नानांनी कप बाजूला केला. हे वाक्य त्यांनी घरी कागदावर लिहून, तपासून, दोन शब्द काढून पाठ केलं होतं. ते त्यांनी सरळ बसून म्हटलं. तुम्ही इथेच राहावं आणि जे काही दिवस उरलेत त्यात आपण एकमेकांना सोबत करावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. निम्म्याहून जास्त अक्षरं वाटेतच सांडली.

त्यांनी वाट पाहिली. बाईंनी परत म्हणून दाखवलं नाही. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"ऐकू नाही आलं?" नानांनी विचारलं.

"आलं," बाई म्हणाल्या. "सगळेच निरोप परत म्हणायचे नसतात. हा पोचला."

त्या उठल्या, पहिल्या खोक्याजवळ बसल्या आणि सुतळीची गाठ नखाने सोडवू लागल्या. गाठ घट्ट होती. नाना त्यांच्या मदतीला गेले.

इकडे चार वाजता दवाखान्यात सगळे मागच्या खोलीत गेले, तेव्हा वाडग्यात नुसतं पाणी होतं. पुढच्या दाराने मुंगीही आत आलेली नव्हती, हे सांगायला पाच साक्षीदार होते. ताईंनी फळीखाली वाकून पाहिलं. जावयाने वाडगा उचलून त्याचा तळ पाहिला. मोजणीदार मात्र छताकडे बघत होते. "हवेत," ते हळूच म्हणाले. नानांचं व्याकरण तिथल्या तिथे रद्द झालं.

साडेपाचला नाना गल्लीतून आले. आत अजून छताकडे बघत चर्चा चालू होती, म्हणून त्यांनी खिडकीतून हात घालून दात फळीच्या टोकाशी ठेवले आणि तसेच परत फिरले. पाच मिनिटांत आत गलका झाला. दात परत आले होते. मोजणीदारांनी ते उचलले, आणि उचलता उचलता थांबले. त्यांनी दात नाकाजवळ नेले.

"जुन्या काळाचा वास आहे याला," ते म्हणाले.

सगळ्यांनी वास घेतला. होता. शंकाच नको. पेटीत पंधरा वर्षं बंद राहिलेल्या कपड्यांना येतो तसा. शुक्रवारी मोजणीदारांनी या सगळ्यावर सोळा पानं लिहिली, नकाशासह, उत्तर दिशेच्या बाणासह, आणि ती चाळीस जणांच्या गटावर टाकली. त्या गटात आता सव्वातीनशे माणसं झाली होती.

शनिवारी जावयाने शब्द पाळला. नानांचे नवे दात बसवून त्याने, "आता 'सासरे' म्हणा," असं सांगितलं. नानांनी म्हटलं. दोन्ही 'स' आले, जराशी शिट्टी वाजली एवढंच. नानांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. जावई आरसा पुढे करत होता, तो तसाच थांबला. त्याने रुमालाकडे पाहिलं. नाक किंचित वर केलं. ठेवणीतल्या रुमालाला डांबराच्या गोळ्यांचा दणदणीत वास येत होता.

जावयाने आरसा फळीवर ठेवला. मग त्याने दार लोटून घेतलं.

"नाना," तो म्हणाला, "मी काही विचारत नाही. पण मोजणीदारांना यातलं काही कळता कामा नये. सोळा पानं लिहिलीत त्यांनी. आणि नकाशाला तर मीच रंग दिलाय."

नानांनी वचन दिलं. "मग आमच्या लेकीलाही सांगू नका," ते म्हणाले.

"काय सांगू नको?"

"तेच. जे विचारत नाही ते."

रविवारी 'मधला मजला' चा पुढचा भाग झाला. त्यात चिठ्ठीचा उल्लेखसुद्धा नव्हता. तपासनिसाच्या अंगात दुसराच कोट होता.

सोमवारी चार वाजता नाना नवे दात लावून बाईंकडे गेले. खोकी सगळी उघडलेली होती, भिंतीला घड्याळ परत लागलं होतं. नाना ऐटीत बसले. आज काही वाटेत सांडणार नाही, असं मनाशी म्हणत त्यांनी सकाळपासून जुळवून ठेवलेलं बोलायला सुरुवात केली. प्रत्येक अक्षर जागच्या जागी पडत होतं, आणि मागोमाग दात टकटक करत होते, 'स' शिट्ट्या घालत होते.

बाईंनी कानामागे हात नेला. जरा पुढे झाल्या. मग मान हलवली.

"लाईनवर फार आवाज आहे," त्या म्हणाल्या. "गुरुवारी किती स्वच्छ येत होतं."

नानांनी पाठ फिरवली, दात काढून बशीत ठेवले आणि वर दुसरी बशी पालथी घातली.

"हां," बाई म्हणाल्या. "आता बोला."

नाना सहा वाजेपर्यंत बोलत होते. परतताना गल्लीच्या तोंडाशी जावई भेटला. दात कसे आहेत, नीट बसतात ना, असं त्याने विचारलं.

"अगदी बरोबर बसतात," नाना म्हणाले. बशीत, हे त्यांनी सांगितलं नाही.